प्रतवारीच्या नावाखाली परतपाठवणी

शेतमालाची प्रतवारी हा विषय शहरातील वाचकाला फारसा जिव्हाळ्याचा वाटत नाही. त्याचा आणि प्रतवारीचा संबंध येतो तो तुपाच्या डब्यावरील अथवा मसाल्याच्या पुडीवरील ॲगमार्कच्या शिक्क्यापुरता. हा शिक्का ज्या कायद्यान्वये उमटतो, तो १९३७ सालचा शेतमाल प्रतवारी व चिन्हांकन कायदा मुळात शेतकऱ्याच्या मालाला त्याच्या गुणाप्रमाणे मोल मिळावे या हेतूने झाला, याचे स्मरण आज कोणालाच उरलेले नाही. फडताळातील डब्याला प्रत मिळाली. शेतकऱ्याच्या पोत्याला मात्र अद्याप प्रत मिळत नाही, मिळतो तो केवळ निकाल : 'चालेल' किंवा 'चालणार नाही'. महाराष्ट्रात या निकालाची झळ सर्वांत अधिक कोणाला बसत असेल, तर ती मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबांना.

केंद्र सरकार दरवर्षी सोयाबीनचा हमीभाव जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये ठरला. हा आकडा वृत्तपत्रांत ठळकपणे छापला जातो. त्याला जोडलेली अट मात्र फारशी कोणी छापीत नाही. हमीभाव हा कोणत्याही सोयाबीनचा भाव नव्हे. तो 'एफएक्यू' म्हणजे रास्त सरासरी प्रतीच्या सोयाबीनचा भाव आहे. या प्रतीची व्याख्या ठरलेली असून तीत ओलावा १२ टक्क्यांहून अधिक चालत नाही, माती-काडीकचरा २ टक्क्यांच्या आत लागतो, आणि डागी, किडके, हिरवे, सुरकुतलेले व फुटके दाणे किती चालतील यांच्याही मर्यादा घालून दिलेल्या आहेत. बाजारातील व्यापारी ओलाव्याला 'हवा' म्हणतात. 'मालात हवा आहे' या तीन शब्दांत कित्येक कुटुंबांची दिवाळी अडकलेली असते.

अट घालण्यात सरकारची काही चूक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. सोयाबीन हे तेलबी आहे. ओलसर दाणा थप्पीत राहिला की तापतो, त्याला बुरशी धरते, त्यातील तेलाची आम्लता वाढते आणि पुढे तेलगिरणीला ते तेल शुद्ध करताना घट सोसावी लागते. खासगी गिरण्यांचा पाया तर १० टक्के ओलाव्याचा असतो. सरकारी गोदामात महिनोन्महिने राहणारा माल कोरडा असावा, हा आग्रह रास्तच आहे. शिवाय ओलावा म्हणजे पाणी, आणि पाण्याला सोयाबीनचा भाव का द्यावा, या प्रश्नालाही उत्तर नाही. तंटा आहे तो अट मोडल्यानंतर काय घडते याविषयी.

एखाद्या शेतकऱ्याचा माल १५ टक्के ओलाव्याचा निघाला असे समजू. शंभर किलो मालात ८५ किलो कोरडा ऐवज आहे. हाच माल वाळून १२ टक्क्यांवर आला तर त्याचे वजन साडेशहाण्णव किलोहून किंचित अधिक भरेल. म्हणजे क्विंटलमागे घट झाली सुमारे ३.४ किलोंची. ४,८९२ रुपयांच्या भावाने तिची किंमत होते सुमारे १६७ रुपये. ओलावा १४ टक्के असेल तर हीच रक्कम १११ रुपयांवर येते. १३ टक्के असेल तर अवघ्या ५६ रुपयांवर. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला सोडविता येईल असे हे त्रैराशिक आहे. वाळविण्याची मजुरी आणि जागेचे भाडे यांचे चार पैसे त्यात मिळविले तरी हिशेब फारसा बदलत नाही.

परंतु खरेदी केंद्रावर हे त्रैराशिक कोणी मांडीत नाही. मापकाचा काटा १२ च्या पुढे गेला की माल नापास होतो आणि ट्रॅक्टर आल्या वाटेने परत जातो. तो परत जातो असे म्हणणेही धाडसाचेच आहे. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर, रात्रभर रांगेत काढलेले दोन माणसांचे श्रम, हमालीसाठी आधीच मोजलेले पैसे, आणि रब्बीच्या बियाण्या-खतासाठी लागणारी रोकड, एवढे सारे अंगावर असताना माल घरी नेऊन अंगणात पसरणे सर्वांना परवडत नाही. मग तो जवळच्या बाजार आवारात जातो. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यातील बहुतेक बाजारांत सोयाबीनचा भाव साडेचार हजारांच्या आतच घुटमळत होता. ज्या मालातील पाण्याची न्याय्य किंमत १६७ रुपये होती, त्या मालावर शेतकऱ्याने चारशे रुपयांहून अधिक गमावले. आणि व्यापाऱ्याने ओलाव्यापोटी निराळी कपात केली असेल तर त्याहूनही अधिक. हाच माल पुढे वाळवून, चाळून, दुसऱ्याच्या सात-बाऱ्यावर पुन्हा सरकारी काट्यावर येतो, अशी तक्रार दरवर्षी होत असते. तिच्यात तथ्य किती हे ज्याने त्याने ठरवावे. ती करण्यास वाव कोणी ठेवला, एवढाच प्रश्न येथे प्रस्तुत आहे.

आणि याला अन्य उपाय नव्हता, असे म्हणण्याचीही सोय नाही. ज्या शेतकऱ्याच्या एका तुकड्यात सोयाबीन असते, त्याच्या शेजारच्या तुकड्यात पुष्कळदा कापूस उभा असतो. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेते तेव्हा ८ टक्के ओलावा हा पाया धरते, आणि ८ पासून १२ टक्क्यांपर्यंतचा कापूस त्या प्रमाणात भाव कमी करून घेते. त्यापुढे मात्र नकार. म्हणजे एकाच घरातील कापूस ओलसर असला तर त्याचा भाव कमी होतो, आणि सोयाबीन ओलसर असले तर त्याला दारच बंद होते. या भेदाला शास्त्रीय आधार काय, हे आजवर कोणी सांगितलेले नाही. गव्हाच्या बाबतीतही तोच अनुभव आहे. २०२३ च्या अवकाळी पावसाने पंजाब-हरियाणाकडील गहू निस्तेज आणि सुरकुतलेला निघाला, तेव्हा केंद्राने ठरलेल्या ६ टक्क्यांऐवजी १८ टक्क्यांपर्यंत सुरकुतलेला व तुटका दाणा घेण्याची मुभा दिली आणि त्यासाठी टप्प्याटप्प्याने वाढणारी कपात ठरवून दिली. गव्हाच्या दाण्याला जो न्याय लागू पडतो तो सोयाबीनच्या दाण्याला लागू पडू नये, याचे कारण शेतीशास्त्रात शोधून सापडणार नाही.

सोयाबीनसाठी सवलत मिळालीच नाही, असे नाही. २०२४ साली ती मिळाली. ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेण्यात आली, ती त्या एका हंगामापुरती, आणि जादा ओलाव्यामुळे होणारा तोटा त्या त्या राज्याने सोसावा या अटीवर. या निर्णयाची तारीख होती १५ नोव्हेंबर. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होऊन गेले होते आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला व्हावयाचे होते. या तीन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की फार भाष्य करण्याची गरज राहत नाही. ज्यांचा माल खरोखर ओला होता आणि ज्यांना सणापूर्वी पैशाची निकड होती, त्यांनी तो केव्हाच विकला होता. सवलतीचा लाभ झाला तो ज्यांना थांबणे शक्य होते त्यांना. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा माल तोवर आपोआपच वाळला होता. पुढे त्या हंगामात बारदान्याअभावी कित्येक केंद्रांवरील मोजमाप खोळंबले, मुदतवाढीवर मुदतवाढी द्याव्या लागल्या, ती कथा निराळी.

रास्त सरासरी प्रत या शब्दप्रयोगातच एक गंमत आहे. सरासरी म्हणजे त्या वर्षी त्या भागात पिकलेल्या मालाची सरासरी, असाच कोणीही अर्थ करील. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांचे पाणी शिवारात शिरले, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. त्या शिवारातील सरासरी दाणा डागीच असणार. परंतु कागदावरील सरासरी वर्षानुवर्षे हलत नाही. परतीच्या पावसाचे आणि सोयाबीनच्या काढणीचे दिवस महाराष्ट्रात जवळजवळ एकच असतात. म्हणजे ओलाव्याचा प्रश्न हा येथे अपवादाचा नसून नेमाचा आहे. नेमाने येणाऱ्या पाहुण्यासाठी दरवर्षी ऐनवेळी पाट शोधण्याचा हा प्रकार आहे.

आता मोजणीकडे वळावे लागेल, कारण खरी मेख तेथेच आहे. दराची गोष्ट दिल्लीत ठरते. मोजणी मात्र केंद्रावर, एका मनुष्याच्या हातातील छोट्याशा उपकरणाने होते. बहुतेक ओलावामापक दाण्यांमधून विजेचा परिणाम कसा होतो यावरून ओलाव्याचा अंदाज करतात. पिकाची निवड चुकीची झाली, दाणे उन्हात तापलेले असले, बॅटरी उतरलेली असली किंवा उपकरणाची तपासणी बरेच दिवसांत झालेली नसली, तर आकडा एक-दोन टक्क्यांनी सहज हलतो. मर्यादा काटेकोर १२ ची असताना एका टक्क्याचा फरक म्हणजे पास-नापासाचा फरक. उतरती कपात असती तर हीच चूक पन्नास-पंचावन्न रुपयांची ठरली असती. आज ती सबंध ट्रॉलीची ठरते. किराणा दुकानदाराच्या तराजूवर आणि पेट्रोलपंपाच्या यंत्रावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शासनमान्य चाचणी केंद्रांतून ज्या उपकरणांची पडताळणी करता येते त्यांच्या यादीत ओलावामापक आला तो २०२५ साली. आला हे चांगलेच झाले. परंतु यादीत नाव येणे वेगळे, आणि तालुक्याच्या केंद्रावरील टेबलावर मोहोर उठविलेला मापक असणे वेगळे.

नमुन्याचेही तसेच. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे काढले तर ते कोरडेच असणार. तळाशी घातला तर ओले. नमुना अनेक पोत्यांतून, वरून-मधून-खालून घेऊन एकत्र मिसळावा, त्याचे दोन भाग करून एक तपासावा आणि दुसरा मोहोरबंद करून ठेवावा, हा नमुना घेण्याचा जुना व सर्वमान्य रिवाज आहे. दुसरा भाग जपून ठेवण्याचे कारण हेच की तंटा झाल्यास पुन्हा तपासता यावे. आपल्याकडे तंटा होत नाही, कारण तंटा करण्यास कागदच नसतो. नाकारलेल्या मालाचा ओलावा किती भरला, माती किती निघाली, डागी किती, हे लिहून दिलेली चिठ्ठी शेतकऱ्याच्या हाती क्वचितच पडते. परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्याला गुणपत्रिका मिळते आणि फेरतपासणीचा अर्ज करता येतो. सबंध वर्षाचे पीक नापास होते तेव्हा मिळतो तो केवळ हाताचा इशारा.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. नियमित बाजाराची या देशातील सुरुवातच मुळी वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली झाली आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. पुढे शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियमित बाजारांचा पुरस्कार केला. मुंबई इलाख्याचा १९३९ चा कायदा, आणि राज्यस्थापनेनंतर १९६३ चा बाजार समिती कायदा, हे त्याच वाटेवरील टप्पे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणे, मनाला येईल तसा कडता कापणे, धर्मादायाच्या नावाने पायली उचलणे या प्रकारांना या कायद्यांनी बऱ्याच अंशी आळा घातला. वजनाचा काटा सरळ झाला, लिलाव उघडा झाला. गुणवत्तेचा काटा मात्र तसाच राहिला. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत 'ग्रेडर' हा शब्द विदर्भातील घराघरांत पोहोचला तो काही प्रेमादराने नव्हे. आणि २०१६ साली ई-नाम या राष्ट्रीय बाजाराची घोषणा झाली तेव्हा प्रत्येक ढिगाची तपासणी होऊन त्याचे गुणांक दूरच्या खरेदीदाराला दिसतील असे चित्र रंगविण्यात आले होते. आवारातील लिलाव बहुतांशी अजूनही मूठभर दाणे तळहातावर घेऊन, एखादा दाताखाली धरूनच होतो. अनुभवी माणसाचा दात पुष्कळदा खरे सांगतो. पण दाताची नोंद वहीत होत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनेही सारे आलबेल आहे असे नाही. शेंगा पिवळ्या-तपकिरी पडून दाणे आत खुळखुळू लागले की कापणी करावी, कापलेले पीक ओल्या जमिनीवर ढीग घालून न ठेवता ताडपत्रीवर पसरावे, दोन-तीन उन्हे द्यावी आणि मगच मळणी करावी, हे कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. मळणीयंत्र फार वेगाने फिरविले तर दाणा फुटतो, सालपट सुटते, आणि तोच माल फुटक्या दाण्यांच्या सदरात जातो. भाड्याच्या यंत्रवाल्याला पुढचे शेत गाठण्याची घाई असते व तो वेग कमी करण्यास राजी नसतो, ही अडचण खरी. तरी यंत्राजवळ उभे राहून पहिली दोन पोती तपासणे घरच्या माणसाच्या हाती असते. ओल्या दाण्यावर कोरड्याचा थर देऊन पोते शिवणारेही काही आहेत, आणि त्यांच्यापायी शेजाऱ्याच्या चांगल्या मालाकडेही संशयाने पाहिले जाते.

तथापि चाळणी मारून, उन्हे देऊन आणलेल्या मालाला आणि तसाच खळ्यावरून उचलून आणलेल्या मालाला आवारात पन्नास-शंभर रुपयांच्या फरकाने एकच भाव मिळत असेल, तर चाळणीची मजुरी कोणी व का भरावी? गुणवत्ता वाढवा असे व्याख्यान देण्यापूर्वी गुणवत्तेला पैसा मिळतो हे दाखवावे लागते. शेतकरी हिशेबात कच्चा असतो हा शहरी समज आहे. ज्या श्रमाला मोबदला नाही तो श्रम तो करीत नाही, आणि यात त्याचा हिशेब अचूकच असतो. उतरत्या कपातीचा हा दुसरा लाभ आहे. १५ वरून १३ वर माल आणला तर क्विंटलमागे एकशे अकरा रुपये वाचतात, हे जर केंद्राच्या दारावरील फलकावर लिहिलेले असेल, तर ताडपत्री विकत घेण्यास कोणी उपदेश करावा लागणार नाही.

हे घडवून आणण्यास फार मोठा खर्च नाही. कपातीचे कोष्टक हंगामापूर्वी जाहीर करणे, ही केवळ एका परिपत्रकाची बाब आहे. १२ ते १५ टक्क्यांपर्यंत पाण्याच्या वजनाइतकी कपात, आणि त्यापुढील मालासाठी वाळवून पुन्हा आणण्याची तारीख लेखी देणे, म्हणजे नोंदणी करून, संदेशाची वाट पाहून मिळविलेला नंबर वाया जाणार नाही. बाजार समित्या शेतमालावर सेस घेतात. त्या पैशातून प्रत्येक आवारात एक मोहोरबंद मापक, एक चाळणीयंत्र आणि वाळविण्यासाठी फरसबंद ओटा यांची सोय होऊ शकते. शेतकऱ्याने घरून निघण्यापूर्वी पावशेर दाणे घेऊन यावे, फुकट तपासून घ्यावे आणि मगच ट्रॅक्टर भरावा, एवढी साधी व्यवस्था असली तरी अर्धे तंटे उद्भवणारच नाहीत. मुलगा तालुक्याच्या महाविद्यालयात रोज जातो. दाण्यांची पुडी त्याच्याबरोबरही पाठविता येईल. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून चालू आहे. तीत गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या तीन चतुर्थांशापर्यंत ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. सणासाठी पैसा हवा आणि भाव तर पडलेला, अशा वेळी हाच खरा आधार. परंतु गोदामातही ओला माल घेत नाहीत, म्हणून ओटा आणि मापक यांच्यावाचून ही योजनाही ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

एक आक्षेप येईल. कपातीचे कोष्टक लावले की केंद्रावरील माणूस प्रत्येक मालात ओलावा दाखवून पैसे कापील. ही भीती अनाठायी नाही; कडत्याचा इतिहास शेतकरी विसरलेला नाही. म्हणूनच कपात आणि चिठ्ठी या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येणार नाहीत. चिठ्ठीवर मापकाचा क्रमांक, आकडा, वेळ आणि तपासणाऱ्याची सही असावी, नाकारलेल्या मालाच्या चिठ्ठ्यांचीही नोंद व्हावी, आणि कोणत्या केंद्राने किती माल कोणत्या कारणास्तव परत पाठविला हे हंगामाअखेर जाहीर व्हावे. आज किती क्विंटल खरेदी झाली याचे आकडे मोठ्या अभिमानाने दिले जातात. किती क्विंटल परत गेले, ही नोंद मात्र कोठेच प्रसिद्ध होत नाही.

केंद्राच्या परिपत्रकासाठी थांबण्याचे राज्याला कारण नाही. २०२४ ची सवलत देताना जादा ओलाव्याचा तोटा राज्यांच्याच माथी टाकण्यात आला होता. जो भार राज्याने ऐन निवडणुकीत एका दिवसात स्वीकारला, तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कापणीला विळा लागण्यापूर्वी स्वीकारता येतो काय, हे आता पणन खात्याने सांगावयाचे आहे. आणि कपात लागू झाली तर त्या भाराचा बराचसा भाग उरणारही नाही.